तट पुण्यात, पाणी कात्रजला



पत्रिकेवर विषय छापला आहे 'पुण्यातले वाडे आणि तटबंदी'. अशा विषयाचं व्याख्यान कसब्यात नाहीतर सदाशिव पेठेत ठेवायचं सोडून कात्रजला का, असं मला परवा एकाने विचारलं. विचारणारा अर्थातच सदाशिव पेठेतला होता. मी त्याला म्हटलं, शनिवारवाडा जितका तुमचा आहे तितकाच कात्रजकरांचा आहे. तुमच्याकडे त्याचा दरवाजा आहे, त्यांच्याकडे त्याचं पाणी. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते मुलांना वाड्याचा इतिहास शिकवताना आधी तलावाच्या बंधाऱ्यावर घेऊन जात, असं मला इथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. आज मी त्याच वाटेने जाणार आहे, फक्त उलट्या दिशेने. आधी दरवाजा पाहू, मग पाण्याकडे येऊ.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला घातला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. खर्च १६,११० रुपये आला, हा आकडा गाईडपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. आज आपण जो भक्कम तट आणि बुरूज पाहतो तो मात्र त्या रकमेत बसणारा नाही. तो पुढे, नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुरा झाला. खाली घडीव दगड आणि वर वीट. ही वीट का, याची एक गोष्ट पुण्यात दोनशे वर्षं सांगितली जाते. दगडी कोट बांधायचा मान छत्रपतींचा, पेशव्याचा नव्हे, असं साताऱ्याहून शाहू महाराजांनी कळवलं, म्हणून दगडाचं काम थांबवून वर वीट चढली. गोष्ट शब्दशः खरी मानायची की नाही हे तुम्ही ठरवा. मला ती आवडते, कारण तटबंदी हे नुसतं लढाईचं बांधकाम नव्हतं, कुणी कुठवर उंच व्हायचं याचाही तो हिशोब होता, हे तिच्यात बरोबर पकडलं आहे.

दिल्ली दरवाजा बघा. उत्तरेला तोंड, वर नगारखाना, फळ्यांवर हत्तीच्या कपाळाला रुततील असे अणकुचीदार खिळे, एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत शिरलं की वाट सरळ जात नाही, वळते. हल्ला करणाऱ्याचा वेग मोडावा म्हणून गडकोटांवर जी युक्ती करतात तीच इथे आहे. तटाला जंग्या आहेत, नऊ बुरूज आहेत. मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा, जांभूळ दरवाजा धरून एकूण पाच दरवाजे. हे सगळं एका घराला. कारण मुळात ते घरच होतं: चौक, दिवाणखाने, देवघर, मुदपाकखाना, बायकांच्या खोल्या, कारकुनांच्या बैठका. घराने किल्ल्याचा अंगरखा घातला होता.

आता थोडा आगाऊ प्रश्न विचारतो. या तटाने कधी कुणाला अडवलं का?

१७६३ मध्ये निजामअली पुण्यावर चालून आला तेव्हा शहराला तट नव्हताच. पुण्याला कधी पुरता शहरकोट झालाच नाही. पेठा वाढत गेल्या, सोमवार, वेताळ, नागेश, गणेश, पण त्यांच्याभोवती भिंत आली नाही. निजामाच्या फौजेने शहर लुटलं, जाळलं. पेशव्यांचं कुटुंब आधीच सिंहगडाकडे निघालं होतं. त्यानंतर २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव वाड्यात जाऊन दरवाजे लावून बसले नाहीत. ते सिंहगडाच्या वाटेला लागले, तिथून कोकणात उतरले आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. १८१७ मध्ये ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, १६ ला येरवड्याच्या बाजूने तोफा चालल्या, त्याच रात्री पेशव्यांनी पुणं सोडलं. १७ तारखेला बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. बुरुजांवरून लढाई झाली नाही.

तट बाहेर बघत होता आणि धोका आत होता, हेही एकदा झालं. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी भिंत चढून आले नव्हते. ते पेशव्यांच्याच चाकरीतले होते. आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस जळत राहिली. साग, तक्तपोशी, कडीपाट, कोरीव महिरपी, सगळं गेलं. तट राहिला. म्हणजे आज तिकीट काढून आपण जे पाहतो ते घर नव्हे, घराचा अंगरखा पाहतो. आतल्या जोत्यांची जी रेखीव आखणी दिसते ती विसाव्या शतकात उत्खनन झालं तेव्हा उघडी पडली.

पुण्याचा खरा तट कुठे होता म्हणाल तर तुमच्या गच्चीवरून दिसतो. कात्रजच्या खिंडीपासून सिंहगडापर्यंत गेलेली ही डोंगराची धार. इथली तरुण मुलं पौर्णिमेच्या रात्री बॅटऱ्या घेऊन कात्रज ते सिंहगड चालत जातात. त्या वाटेवरचे चढउतार मोजताना दमछाक होते, पण पुणं सोडून सिंहगड गाठायचा म्हणजे काय, ते त्याच वाटेवर कळतं. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज परतले. त्या वेळी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला पळवलं, ही कथा इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. इतिहासकार तिच्याकडे जपून पाहतात. घाट मात्र खरा आहे, आणि पुण्याच्या राज्यकर्त्यांना तो कशासाठी लागत होता तेही खरं आहे.

इथे एक आडवळण घेतो. इंग्लंडच्या केंट परगण्यात समुद्राकाठी वॉल्मर नावाचं जुनं गाव आहे. आठव्या हेन्रीने फ्रेंचांच्या आणि स्पॅनिशांच्या धास्तीने १५३९-४० मध्ये त्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ओळीने तीन कोट बांधले: सँडाउन, डील आणि वॉल्मर. बुटके, जाड भिंतींचे, गोलाकार, तोफांसाठी आखलेले. परकी आरमार कधी आलंच नाही. १६४८ च्या यादवीत तेवढा एकदा वेढा पडला. पुढे वॉल्मरचा कोट एका मानाच्या हुद्देदाराचं निवासस्थान झाला, बुरुजांत शयनगृहं निघाली, खंदकात बाग फुलली. १८२९ पासून तिथे राहणारा हुद्देदार होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि १४ सप्टेंबर १८५२ ला तो तिथेच, आपल्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याची ती खोली आजही तशीच ठेवली आहे, साधी लष्करी खाट आणि ती खुर्ची. हा वेलिंग्टन म्हणजे आपला जनरल आर्थर वेलस्ली. वसईच्या तहानंतर २० एप्रिल १८०३ ला पुण्यात फौज घेऊन शिरलेला, आणि दुसऱ्या बाजीरावांना पुन्हा गादीवर बसवणारा. तिकडे किल्ल्याचं घर झालं, इकडे घराचा किल्ला झाला, आणि एकाच माणसाने दोन्ही पाहिले. तिकडची एक मामुली खाट जपली गेली आणि इकडे अख्ख्या महालात कधी तुरुंग, कधी कचेरी, कधी वेड्यांचं इस्पितळ भरलं. याचं रडगाणं मी गाणार नाही. जेत्यांची घरं आणि जितांची घरं यांचं नशीब कधीच सारखं नसतं. पण तिथे माणसं भिंतीइतकीच बाग आणि विहीरही दाखवतात. आपण भिंतीपाशी थांबतो.

म्हणून आता पाण्याकडे येऊ.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि पर्वतीला वळसा घालून मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमाराला या खोऱ्यात बंधारा घातला, पाणी अडवलं, आणि तिथून थेट शहरापर्यंत जमिनीखालून नळ बांधून नेला. नळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. हा नळ म्हणजे दगडविटांचा, चुन्यात बांधलेला बोगदा, सुमारे अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच. साफसफाईला उतरलेला माणूस त्यातून उभ्याने चालू शकेल असा. तो आजच्या सातारा रस्त्याच्या अंगाअंगाने शहराकडे उतरतो. पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. कात्रज उंच आणि शनिवारवाडा सखल, एवढ्या एकाच भांडवलावर सगळा कारभार.

सांगायला हे सोपं आहे, करायला नाही. उतार जास्त दिला तर पाणी धावतं आणि चुन्याचा गिलावा खाऊन टाकतं. कमी दिला तर गाळ बसतो आणि नळ तुंबतो. मधे टेकाड आलं की खोल खणायचं, खोलगट जागा आली की भर घालून वर उचलायचं, आणि हे सगळं मैलोन्मैल, जमिनीखाली, सूत न चुकवता. वाटेत ठरावीक अंतरावर वर तोंड काढलेले उच्छ्वास ठेवले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडते, प्रवाह अडत नाही, आणि नळ साफ करायचा तर माणूस तिथूनच उतरतो. उच्छ्वासाखाली नळाचा तळ जरा खोल ठेवला की गाळ तिथे बसतो आणि पुढे निवळलेलं पाणी जातं. बंधाऱ्याच्या भिंतीतूनही पाणी वेगवेगळ्या पातळ्यांवर घ्यायची सोय होती, म्हणजे तलाव खाली गेला तरी तळाचा चिखल न ओढता वरचं पाणी घेता येई. हे आखणारे गवंडी आणि पाथरवट कोण, त्यांची नावं कुठल्या शिलेवर कोरलेली नाहीत. दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं. खिळ्यांवर आदळायला हत्ती कधी आला नाही. नळातून पाणी मात्र रोज गेलं.

शहरात शिरल्यावर ते हौदांत पडे. साततोटी, फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावं आज रिक्षावाल्याला सांगायच्या पत्त्यांपुरती उरली आहेत. वाड्याच्या आत आलं की त्याची वेगळीच ऐट. हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं, बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी केलेलं. कारंजं उडायला पाण्यामागे जोर लागतो, आणि तो जोर कात्रजच्या उंचीतून यायचा. म्हणजे इथल्या डोंगराची उंची तिथल्या चौकात फवारा होऊन उडत होती. त्याच सवाई माधवरावांचा ऑक्टोबर १७९५ मध्ये वाड्याच्या गच्चीवरून पडून अंत झाला. ते पडले की त्यांनी उडी घेतली, यावर पुणेकर अजून वाद घालतात.

सरकारी नळ झाला की सरदारांना आपला नळ हवाच. नाना फडणविसांनी शेजारच्या आंबेगावातून स्वतःचं पाणी नेलं. रास्त्यांनी कोंढव्याकडून नेलं. वाडा किती चौकी, दरवाजा किती उंच, दारात हत्ती झुलतो की घोडा, या मोजमापात आणखी एक भर पडली: पाणी सरकारी नळाचं की घरच्या नळाचं. पुण्याचे वाडे पाहताना आपण खांब पाहतो, सुरूच्या झाडासारखे निमुळते, वर केळफुलं, मधे महिरप. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूचं कोरीवकाम पाहतो, दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमाराला बांधलेलं. देवडी, ढेलज, सोपा, माजघर, बळद, सगळं पाहतो. मागच्या चौकातल्या हौदाकडे कुणी बघत नाही, कारण त्यात आता मोडके पत्रे आणि रिकामे डबे असतात. पण घर कसं चालत होतं ते त्या हौदावर कळतं. धुणी कुठे, सोवळ्याचं पाणी कुठे, घोड्यांचं कुठे, आणि कोण कुठवर येऊ शकतं.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थांबायला हवं. पुण्याला शहरकोट नव्हता असं मी मघाशी म्हटलं. ते दगडविटांपुरतं खरं. पेठेपेठेतल्या हौदांभोवती एक तट होता, तो दिसत नव्हता, पण दिल्ली दरवाजापेक्षा अभेद्य होता. अस्पृश्य मानलेल्या माणसाने हौदाला हात लावायचा नाही. पाणी कात्रजच्या डोंगरातून सगळ्यांच्या शेताखालून वाहत यायचं, आणि तोटीपाशी आल्यावर त्याला जात चिकटायची. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो वाडा आज गंज पेठेत उभा आहे, हौदही आहे. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानग्या लेकीच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. तोच बाहुलीचा हौद. पुण्यातल्या तटबंदीच्या इतिहासात खिंडार पाडल्याच्या दोनच घटना सांगायच्या झाल्या तर मी या दोन सांगेन. आणि कात्रजकरांनो, जोतीराव नुसते ग्रंथकार आणि समाजसुधारक नव्हते, कंत्राटदारही होते. त्यांच्या कंपनीने केलेल्या कामांत येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा ही नावं घेतली जातात. साताऱ्याची एसटी जुन्या घाटाने त्या बोगद्यातून जाते तेव्हा खिडकीशी बसलेल्या नातवंडाला हे सांगायला हरकत नाही.

१८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि कात्रजच्या नळाचं महत्त्व ओसरलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली आणि त्याचा एक भाग गेला. पुढे काही वर्षं नगरपालिकेचा कारभार त्याच वाड्यातून चालला. मग १२ जुलै १९६१ उजाडला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. खडकवासलाच नाही म्हटल्यावर शहराच्या नळांना पाणी कुठून येणार? तेव्हा पेशव्यांच्या हौदांतलं कात्रजचं पाणी कामी आलं, असं त्या पिढीतले लोक सांगतात. बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी काही जण आज या सभेतही असतील.

पुरातून वाचलेले वाडे हळूहळू गेले. दोष एकट्या बिल्डरवर ढकलायची आपल्याला सवय आहे. पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, एकेका चौकात दहा-दहा भाडेकरू राहिले, मालकाला कौल बदलणं परवडेना आणि भाडेकरूला ते आपलं काम वाटेना. भाऊबंदकी त्यात भर घालायला होतीच. अशा कुजणाऱ्या घराला आपण वारसा म्हणतो तेव्हा त्यात राहणाऱ्याला हसू येतं, आणि ते रास्त आहे. १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा भरली तो भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. मोडकळीला आलेली वास्तू टिकवणं शक्य होतं की नव्हतं यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं आहे. वास्तू पाडून तिचं स्मारक करायची वेळ आपल्यावर आली, एवढं मी नोंदवतो.

आता शेवटी तुमच्या दाराशी. तलाव आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे, सुमारे ४२ एकरांचा. शहरातून शाळांच्या सहली येतात, वाघ बघून जातात. बंधाऱ्याच्या भिंतीकडे पाठ करून फोटो काढतात. नळाचे उच्छ्वास कात्रज-धनकवडीच्या बाजूला काही ठिकाणी अजून उभे आहेत, काही बांधकामांत गेले, काहींवर रस्ता आला. जमिनीखालच्या वारशाची पंचाईत अशी की तो पाडला तरी धूळ उडत नाही. वाड्याचा खांब काढला की चार लोक जमतात. नळ फुटला तर कंत्राटदार म्हणतो जुनं गटार लागलं, आणि काँक्रीट ओतून पुढे सरकतो.

आणि हा वारसा जपणं निव्वळ हौसेचं काम आहे असं कुणी समजू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस पडला, तलाव भरून वाहिला, आंबील ओढ्याने दोन्ही काठांवरच्या वस्त्या धुऊन नेल्या, माणसं गेली. नानासाहेबांच्या काळात याच ओढ्याचं पात्र शहरातून काढून पर्वतीच्या बाजूला वळवलं होतं, म्हणजे तो पुरात काय करतो याची त्यांना कल्पना होती. आपण त्याच्या पात्रात भिंती घातल्या, घरं बांधली, कल्व्हर्ट अरुंद ठेवले. पेशव्यांच्या तटांचं कौतुक करणाऱ्या शहराने त्यांचा ओढ्याबद्दलचा अंदाज मात्र विसरून टाकला.

संयोजकांनी मला विचारलं आहे की इथल्या लोकांनी नेमकं काय करावं. माझी मागणी लहान आहे. महापालिकेकडे फलक मागू नका, फलक खूप झाले. नळाची वाट नकाशावर आखून मागा, म्हणजे रस्ता, मेट्रो किंवा ड्रेनेजसाठी खणणाऱ्याला आधी कळेल की खाली काय आहे. ज्या सोसायट्यांच्या कुंपणात उच्छ्वास आला आहे त्यांच्या सेक्रेटरींनी तो रंगवू नये आणि त्यात तुळस लावू नये, झाकण घट्ट ठेवावं, एवढं पुरे. बंधाऱ्याच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ मुळापासून काढायला लावा, नुसते छाटून नाही. पावसाळ्याआधी तलावातला गाळ किती काढला आणि तो कुठे टाकला, याचा हिशोब नगरसेवकाला विचारा. आणि प्राणिसंग्रहालयात येणाऱ्या मुलांना वाघानंतर दहा मिनिटं बंधाऱ्यावर उभं करता आलं तर करा. तिथून शहर ज्या बाजूला उतरतं त्या बाजूला बोट दाखवा, बाकी पाणी कसं गेलं असेल ते पोरं स्वतःच विचारतील.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे असं संयोजक म्हणतात, आणि पुढच्या रांगेतल्या काकांनी एक प्रश्न मघापासून हातात धरून ठेवला आहे. विचारा काका.